सही करण्याआधी जागेवर या: रेखांकनं मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जमिनीच्या विभागणीचे आणि विकासाचे आराखडे मंजूर करणाऱ्या सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, नगररचनाकार, अभियंते आणि अधिकारी

सप्रेम नमस्कार.

तीस वर्षं मी लेआउट काढले, म्हणजे जमिनीचे प्लॉट आणि रस्ते पाडणारी रेखांकनं. जमिनीची मोजणी, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा, रस्त्यांची आखणी, प्लॉटची क्षेत्रफळं, फाईल दाखल करणं, त्रुटींची पूर्तता करणं, हेच माझं काम होतं. माझ्या हातच्या किती नकाशांवर तुमच्यासारख्यांच्या सह्या आणि शिक्के आहेत, याची मी कधी मोजदाद ठेवली नाही. पण त्यातला एक नकाशा डोक्यातून जात नाही. त्याच्याबद्दल आधी सांगतो, कारण हे पत्र त्यातूनच निघालं आहे.

चार हेक्टरची उताराची जमीन होती. मधून तिरका एक ओढा जायचा. पावसाळ्यात मोजके दिवस वाहायचा, एरवी गवताखाली दडलेला. मोजणीच्या शीटवर तो स्पष्ट होता. मालकाच्या सांगण्यावरून लेआउटच्या नकाशात मी तो तुटक रेघेने दाखवला. पुढच्या दुरुस्तीत ती रेघ रस्त्याच्या कडेला सरकवली आणि तिथे लिहिलं, ‘६०० मिमी व्यासाचा पाइप’. ओढा गेल्यामुळे खालच्या रांगेत चार प्लॉट जास्त बसले. पाइपाचा व्यास मी आमच्या चार हेक्टरांवर पडणाऱ्या पावसापुरता काढला होता. वरच्या माळावरून येणारं पाणी हिशेबात धरलंच नव्हतं. फाईल तपासली गेली, रस्त्यांच्या रुंद्या तपासल्या, मोकळ्या जागेची टक्केवारी तपासली. ओढ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. मंजुरी मिळाली.

बारा वर्षांनी, भर पावसात, दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूने जाताना मी गाडी थांबवली. खालच्या रांगेतल्या एका घराच्या दाराशी विटांचा वीतभर उंबरा घातलेला होता. त्यावर नंतर आणखी एक थर चढवलेला. सिमेंटचा रंग वेगळा दिसत होता. भिंतीवर गुडघ्याच्या थोडं वर मातकट रेघ होती. रंग दिला तरी ती पुन्हा उमटते, असं घरातल्या काकू म्हणाल्या. त्यांनी मला पाइपाचं तोंड दाखवलं. तुंबलेलं पाणी पाइपाच्या डोक्यावरून रस्ता ओलांडत होतं आणि मोजणीच्या शीटवरची जुनी रेघ जिथून जात होती, नेमकं तिथून उतरत होतं. “प्लॉट घेताना सगळे कागद मंजूर होते हो,” काकू म्हणाल्या. “शिक्का बघूनच घेतला आम्ही.” मी कोण आहे ते त्यांना तेव्हा सांगण्याचा धीर झाला नाही. आज तुम्हाला सांगतो आहे.

त्या काकूंना तो शिक्का म्हणजे हमी वाटली होती. कुणीतरी जाणकार माणूस ही जमीन बघून गेला आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला. सामान्य माणूस तोच अर्थ घेणार. त्याला कंटूर वाचता येत नाहीत आणि यायलाच हवेत असंही नाही. आणि ज्या दिवशी तुमच्या टेबलावर ते रेखांकन आलं, त्या दिवशी तो माणूस त्या खोलीत नव्हताच. त्याने अजून प्लॉट घेतलेला नव्हता. खोलीत विकसक होता, त्याचा अभियंता होता, तुम्ही होता. ज्याला तिथे आयुष्य काढायचं होतं, त्याच्या बाजूने बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. माझं सारं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

हा निर्णय इतर निर्णयांसारखा नसतो. इमारत पाडता येते, गटार पुन्हा खोदता येतं. विकल्या गेलेल्या प्लॉटची हद्द मात्र हलवणं जवळपास अशक्य असतं. १६६६ साली लंडन शहर जळालं, तेरा हजारांवर घरं राख झाली. काही दिवसांतच वास्तुकार क्रिस्टोफर रेन आणि इतर काही जणांनी रुंद, सरळ रस्त्यांचे नवे आराखडे राजापुढे ठेवले. त्यातला एकही अमलात आला नाही. काही गल्ल्या रुंद झाल्या, पण शहर बहुतांशी जुन्याच आखणीवर पुन्हा उभं राहिलं, कारण राखेच्या प्रत्येक ढिगाखाली कुणाच्या तरी मालकीचा तुकडा होता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर १८११ च्या आराखड्याने रस्त्यांची चौकट आखली आणि घरांच्या मागून जाणारे बोळ त्यात ठेवले नाहीत. पुढे दोनशे वर्षं तिथला कचरा समोरच्या पदपथावर येत राहिला. ज्यांनी ती चौकट आखली त्यांना कचऱ्याच्या गाड्या दिसणं शक्य नव्हतं. आपल्याला तर ओढा डोळ्यांसमोर दिसत असतो.

आता प्रक्रियेकडे येतो, कारण चूक कुठून आत शिरते ते तिथे कळतं. देशोदेशी नावं वेगळी, पण क्रम साधारण सारखाच असतो. विकसक आधी कच्चा नकाशा घेऊन चर्चेला येतो. मग प्राथमिक रेखांकन दाखल होतं आणि पाणीपुरवठा, ड्रेनेज, रस्ते, वीज, अग्निशमन अशा खात्यांकडे अभिप्रायाला फिरतं. अटींसह प्राथमिक मंजुरी मिळते. मग रस्ते-गटारं बांधायची, किंवा त्यांच्या खर्चाची हमी भरायची. शेवटी अंतिम रेखांकन, त्याची नोंद, आणि मग प्लॉटची विक्री. नाव ‘प्राथमिक’ असलं तरी खरा निर्णय त्याच टप्प्यावर होतो. रस्ते कुठून जाणार, पाणी कुठे सोडणार, किती प्लॉट पडणार, हे तिथेच ठरतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर प्राथमिक रेखांकनाशी जुळणारं अंतिम रेखांकन आलं की ते मंजूर करण्यावाचून संस्थेपुढे फारसा मार्ग उरत नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र जाग येते ती जेसीबी लागल्यावर. तेव्हा ते सुनावणीला येतात, तावातावाने बोलतात, आणि तुम्ही त्यांना सांगता की आता आमच्या हातात काही नाही. तुमचं म्हणणं कायद्याने बरोबरही असतं. पण त्या लोकांना प्राथमिक टप्प्यावर कळवलं कुणी होतं? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सर्व्हे नंबर छापून आला असेल, तर त्याला कळवणं म्हणत नाहीत. पर्यावरणविषयक निर्णयांत लोकांना सहभागी करण्यासाठी युरोपात १९९८ साली आर्हुस करार झाला. सगळे पर्याय खुले असतात तेव्हाच लोकांना बोलवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझं तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. प्राथमिक रेखांकन दाखल झालं की त्या जागेवर, रस्त्यावरून वाचता येईल असा फलक लावा. त्यावर नकाशा असू द्या, पाणी कुठे जाणार तो बाण असू द्या, आणि उताराच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना घरोघर नोटीस द्या. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यालाही बोलवा. ओढा कधी, कुठपर्यंत चढतो हे त्याच्याइतकं कुठल्याच कागदाला माहीत नसतं.

पाण्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. माझी चूक तिथे झाली म्हणून तर आहेच, पण बहुतेक फायलींची परीक्षाही तिथेच होते, असं मला आता वाटतं.

हिशेब कठीण नाही. जमिनीचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती हिस्सा न मुरता वाहून जातो तो आकडा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की वाहून जाणारं पाणी निघतं. एमिल क्युइचलिंग या अभियंत्याने १८८९ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांच्या अभ्यासात ही पद्धत मांडली, आणि लहान क्षेत्रांसाठी ती आजही वापरली जाते. गवताळ जमिनीचा गुणांक ०.३ धरा. त्याच जमिनीवर घरं, रस्ते, फरश्या झाल्या की तो ०.७ होतो. चार हेक्टर जमीन आणि तासाला ५० मिमी पाऊस. आधी सेकंदाला १६७ लिटर पाणी वाहत होतं, लेआउट झाल्यावर ३८९ लिटर वाहतं. एक टक्का उतारावर टाकलेल्या ६०० मिमी पाइपातून सेकंदाला सहाशे लिटरांच्या आसपास जातात, म्हणून कागदावर माझा पाइप पुरून उरत होता. पण वर चाळीस हेक्टरांचा माळ होता. त्याच पावसात, त्याच सूत्राने, त्या माळावरून सेकंदाला सोळाशे लिटरांच्या वर पाणी येतं. पाइपात त्यातलं निम्मंही मावत नाही. हा गुणाकार करायला पाच मिनिटं लागतात. मी तो केला नाही आणि तो का केला नाही असं मला कुणी विचारलंही नाही.

म्हणून फाईल उघडताच आधी दोन गोष्टी विचारा. वरचं पाणी किती आणि कुठून येतं? आणि आपलं पाणी नेमकं कुणाच्या जमिनीत सोडता? ‘सार्वजनिक नाल्यात’ असं उत्तर आलं तर तो नाला प्रत्यक्ष बघा. पुष्कळदा तो पन्नास पावलांवर कुणाच्या तरी कुंपणाशी संपलेला असतो.

कागदावर लिहिलेलं होतं, एवढ्याने सुटका होत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९४० च्या दशकात ॲडिक्स आणि बार्कर ही पूर अडवणारी दोन धरणं बांधली. पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढू शकतं, तितकी सगळी जमीन सरकारने संपादित केली नव्हती. पुढे त्या उरलेल्या पट्ट्यात एकामागून एक वसाहतींची रेखांकनं मंजूर होत गेली. बार्करच्या बाजूच्या काही नकाशांवर बारीक अक्षरांत शेराही होता, की इथे जलाशयाचं पाणी येऊन राहू शकतं. घर घेणाऱ्या किती जणांनी तो नकाशा मागवून वाचला असेल? २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळाचा पाऊस पडला, जलाशय भरले आणि त्या पट्ट्यातल्या हजारो घरांत पाणी शिरलं. २०१९ साली न्यायालयाने केंद्र सरकारला जबाबदार धरलं. शेरा कागदावर होता, शिक्का होता, प्रत्येक टप्पा आपापल्या जागी पूर्ण झाला होता. तरी घरं तिथे उभी राहिलीच. धोक्याचा शेरा द्यावाच लागत असेल, तर तो खरेदीखतात ठळक अक्षरांत, घेणाऱ्याला वाचता येणाऱ्या भाषेत गेला पाहिजे, ही अट घाला. आणि शेरा फारच गंभीर असेल, तर मुळात तिथे प्लॉट पडू द्यावेत का, याचा विचार करा.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. प्रत्येक लेआउट आपल्यापुरता नियमात बसतो, पण शेजारच्या दोन लेआउटांचे रस्ते एकमेकांना मिळत नाहीत. एकाचा रस्ता भिंतीशी संपतो, भिंतीपलीकडे दुसऱ्याचा सुरू होतो, आणि शंभर पावलांवरच्या शाळेत जायला मुलांना हमरस्त्यावरून वळसा पडतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २००९ साली यावर एक चांगला नियम काढला. नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना पुरेसे जोडलेले असतील, तरच त्यांची देखभाल राज्य स्वतःकडे घेईल. तो नियम पुढे सैल केला गेला, पण त्यामागचा विचार मला पटतो. तुमच्यापुढे रेखांकन येतं तेव्हा शेजारच्या मंजूर रेखांकनाची प्रत त्याच्या बाजूला ठेवा. सोबत अग्निशमन खात्याच्या माणसालाही टेबलाशी बसवा. आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत बंबाच्या रस्त्याला २० फूट मोकळी रुंदी सांगितली आहे, आणि बंद टोकाचा रस्ता १५० फुटांपेक्षा लांब असेल तर बंब वळवायला जागा लागते. नकाशावर रुंदी दिसते, पण कडेला गाड्या लागल्यावर त्यातली किती उरते, हे त्या माणसाला अनुभवाने माहीत असतं.

मोकळ्या जागेची टक्केवारी भरली की सगळे समाधान मानतात. मी स्वतः ती कोपऱ्यातल्या त्रिकोणात, विजेच्या तारांखाली, जिथे प्लॉट पडूच शकत नाही अशा जागी दाखवली आहे. ती कुठे आहे, तिथे मुलं खेळतील का, एवढं नुसतं विचारलं असतं, तरी मला नकाशा बदलावा लागला असता.

मंजुरीनंतरच्या कामांची हमी ही चूक शिरण्याची दुसरी मोठी जागा आहे. रस्ता, गटार, पाण्याची लाइन, दिवे ही कामं होण्याआधी प्लॉट विकायला परवानगी द्यायची असेल, तर त्या कामांचा पूर्ण खर्च बँक गॅरंटीत अडकलेला असला पाहिजे, आणि तो आजच्या दराने काढलेला असला पाहिजे. कामं अर्धवट असताना गॅरंटी सुटलेली मी पाहिली आहे. रस्त्यावर खडीचा एक थर, वर डांबराचा हात फिरवलेला, फोटो फाईलला लावलेले. दुसऱ्या पावसाळ्यात खडी वर आली, आणि लोक विकसकाला शोधत बसले. फ्लोरिडातलं केप कोरल शहर १९५७ पासून असंच प्लॉट पाडून वसवलं गेलं. शेकडो मैल कालवे खणले, दूरदूरच्या माणसांना जमिनीचे तुकडे विकले. पिण्याच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या मात्र पुढे कित्येक दशकं टप्प्याटप्प्याने टाकाव्या लागल्या, आणि त्यांचा खर्च नंतरच्या मालकांवर बसला. विक्रीच्या वेळी जो खर्च विकसकाने उचलायचा, तो तिथून सुटला की पुढच्या पिढीच्या कराच्या पावतीवर येतो. हमी सोडण्याच्या कागदावर सही करणाऱ्याने एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मग रस्ता बघायला जावं.

हे सगळं लिहिताना विकसकाला शत्रू ठरवायचा माझा हेतू नाही. माझा संसार त्यांच्याच कामावर चालला. लोकांना घरं हवी आहेत, त्यासाठी जमीन हवी आहे, आणि चांगलं काम करू पाहणारी माणसं या धंद्यात आहेत. त्यांना तुमच्याकडून दोन गोष्टी मिळायला हव्यात: स्पष्ट नियम आणि वेळेत उत्तर. प्रत्येक बैठकीत नवी त्रुटी काढायची, फाईल महिनोन्‌महिने फिरवायची, यात लोकांचं हित नाही. त्याने फक्त आडमार्गांना भाव येतो आणि मंजुरीविना तुकडे पाडून विकणाऱ्यांचं फावतं. अटी घालतानाही माप लागतं. ओरेगन राज्यातल्या टिगार्ड शहरात एका दुकानदार बाईंना दुकान वाढवायचं होतं. शहराने त्याबदल्यात ओढ्याकाठची हिरवी पट्टी आणि सायकलवाट यांसाठी त्यांची जमीन मागितली. १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मागितलेली गोष्ट त्या बांधकामाने होणाऱ्या परिणामाच्या साधारण प्रमाणात आहे, हे शहराने दाखवून दिलं पाहिजे. मला हे तत्त्व न्याय्य वाटतं. तुम्ही वरच्या पाण्याचा हिशेब मागितलात आणि मोठी मोरी बांधायला लावलीत, तर कुठलाही प्रामाणिक विकसक त्याला अन्याय म्हणणार नाही. अटीमागचं कारण मात्र आकड्यासकट लिहून द्या.

मुदतीचाही प्रश्न आहे. टेक्सासमध्ये ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर रेखांकन मंजूर झालं असं धरतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात, प्रस्ताव नियमांना धरून असेल तर, ६० दिवसांनी परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. अडवणूक होऊ नये म्हणून या तरतुदी आल्या, आणि त्या हव्यातच. पण माणसं कमी आणि फायली जास्त असल्या की शेवटच्या आठवड्यात तपासणी टेबलावरच उरकली जाते, आणि स्थळपाहणीच्या रकान्यात ‘पाहणी केली’ एवढे दोन शब्द पडतात. तुम्हाला मनुष्यबळ कमी पडत असेल, तर ते वरिष्ठांपुढे लेखी मांडा. आमच्यासारखे निवृत्त मोजणीदार, अभियंते गावोगाव आहेत, त्यांची मदत मागा. पण न पाहिलेली जागा पाहिली असं लिहू नका. त्या दोन शब्दांच्या भरवशावर कुणीतरी आयुष्यभराची कमाई ओतणार आहे.

स्थळपाहणी कशी करावी, हेही अनुभवावरून सांगतो. उन्हाळ्यात सगळी जमीन सारखीच दिसते. शक्य असेल तर मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. मोजणीची मूळ शीट सोबत न्या, लेआउटचा नकाशा नंतर उघडा. सगळ्यात खालच्या कोपऱ्यापासून चालायला सुरुवात करा आणि वर जा. कुंपणाच्या तारेला अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते बघा. पाणी कुठवर चढलं होतं ते तिथे कळतं. गवत एकाच दिशेला झोपलेलं असेल तर ती पाण्याची वाट आहे, नकाशात ती असो वा नसो. हद्दीपर्यंत गेलात की तिथे न थांबता दोनशे पावलं पलीकडे जा. आणि तिथे भेटेल त्या माणसाला विचारा.

त्या चार हेक्टरांवरच्या काकूंकडे मी मागच्या वर्षी पुन्हा गेलो आणि तो नकाशा माझ्या हातचा होता हे त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आत जाऊन खरेदीचे कागद आणले, घड्या उलगडून लेआउटची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “यात ओढा कुठे आहे, दाखवा.” मी बोट ठेवलं. तिथे त्यांच्याच घराचा प्लॉट नंबर छापलेला होता.

त्या रांगेतल्या आठ घरांनी मिळून मोठ्या मोरीसाठी अर्ज केला आहे. वरच्या माळाचा पाणलोट धरून केलेला हिशेब मी त्याला जोडला आहे. दरम्यान त्याच माळावर आणखी एक रेखांकन प्राथमिक मंजुरीसाठी दाखल झालं आहे, आणि त्याचं सगळं पाणी याच पाइपाच्या दिशेने उतरतं. ते ज्यांच्या टेबलावर आहे त्यांनी, किंवा असंच दुसरं कुठलं रेखांकन ज्यांच्या टेबलावर असेल त्यांनी, पावसात पाहणीला निघताना मला बोलवावं. मोजणीची जुनी शीट माझ्याकडे आहे. मी ती घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार